आमच्या घरातले प्लास्टरयुग

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडे असतात. ही माहिती शाळेत मला एका मार्काला आली होती, आणि तो मार्क पदरात पडल्यावर मी दोनशे सहाच्या दोनशे सहा हाडे विसरून गेलो होतो. हाडाचे नशीब कचेरीतल्या साध्या कारकुनासारखे असते. तो इमानाने काम करीत असतो तोवर साहेबाला त्याचे नावसुद्धा ठाऊक नसते. तो कामावर आला नाही की मग सगळी कचेरी त्याच्या नावाने हाका मारू लागते.

माझ्यावर अशी हाका मारायची पाळी रविवार, २६ जून १९८३ रोजी सकाळी आली. हाड माझे नव्हते. आमच्या चिरंजीवांचे होते. वय वर्षे सात.

तारीख वाचून जाणकारांनी कान टवकारले असतील. आदल्याच दिवशी लॉर्ड्सवर भारताने १८३ धावांच्या जोरावर वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळून विश्वचषक जिंकला होता. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, तळमजल्यावरच्या नानांकडे. त्यांच्या बारा बाय दहाच्या खोलीत त्या रात्री निम्मी बिल्डिंग मावली होती. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने चेंडू आभाळात मारला आणि कपिल देव पाठमोरा पळत पळत गेला आणि त्याने तो अलगद झेलला, तेव्हा नानांची चहाची कपबशी फुटली. नाना एरवी कपबशीला फार जपणारे. पण त्या रात्री म्हणाले, "फुटू दे! शुभशकुन आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीत प्रत्येक पोरगे पाठमोरे पळत होते.

"बाबा, उंच टाका. रिचर्ड्ससारखा," चिरंजीव म्हणाले. आणि मी टाकला. तसा मी जन्मात कधी चेंडू उंच टाकलेला नाही. पण त्या सकाळी सगळ्या देशाच्या अंगात संचारले होते, त्यातले थोडे माझ्याही दंडात आले. चेंडू पार दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. चिरंजीव आभाळाकडे डोळे लावून मागे पळाले. जून महिना, कंपाउंडच्या भिंतीजवळ शेवाळ. पुढचे सांगत नाही.

मी धावत जाऊन बघतो तो उजव्या मुठीत चेंडू घट्ट आणि डावा हात कोपर आणि मनगट यांच्या मधोमध, जिथे वाकायला परमेश्वराने काही सोय केलेली नाही, अशा ठिकाणी वाकलेला. "बाबा, सुटला नाही," एवढे म्हणून मग त्याने भोकाड पसरले.

त्यानंतर मी जे केले ते करू नये असे आता मला पुस्तकांवरून कळले आहे. मी त्याला दोन्ही बखोटे धरून उभा केला आणि धावतपळत दोन जिने चढून घरी नेला. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे एक नामांकित सर्जन होऊन गेले. १७५६ साली ते घोड्यावरून पडले आणि पायाचे हाड मोडून कातडीबाहेर आले. लोक उचलायला धावले. पॉटसाहेबांनी कोणाला हात लावू दिला नाही. भर थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी पालखीवाले भोई बोलावले, एक दरवाजा विकत घेतला, भोयांचे दांडे त्याला ठोकून घेतले आणि त्या दरवाज्यावर आडवे होऊन घरी गेले. पाय कापायचा असे ठरून हत्यारेसुद्धा मांडून झाली होती. तेवढ्यात त्यांचे गुरू नर्स आले (आडनाव नर्स, होते सर्जनच) आणि म्हणाले, थांबा, वाचतो का बघू. पाय वाचला. एवढेच नव्हे, अंथरुणावर पडल्या पडल्या पॉटसाहेबांनी एक ग्रंथही लिहिला. मोडलेले हाड हलवू नये हे शहाणपण ज्याचे हाड मोडते त्याला असते. ज्याच्या पोराचे मोडते, त्याला दरवाजा दिसतो तो फक्त स्वतःच्या घराचा.

घरात शिरताच सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "घसरला." यात खोटे एक अक्षर नव्हते. फक्त चेंडू कोणी टाकला हा तपशील गाळला होता. इतिहास लिहिणारे हे नेहमीच करतात.

आता माझी अपेक्षा अशी, की माझी आई हाडवैद्याचे नाव काढणार. आमच्या भागात एक हाडवैद्य होता. मुरगळलेल्या पायांची त्याच्या दारात रांग लागे. मी मनातल्या मनात विज्ञानाच्या बाजूचे भाषणही तयार केले. पण आई हाताकडे एकदाच बघून म्हणाली, "अरे, उभा काय राहिलास? दवाखान्यात ने." भाषण वाया गेले. ती असे का म्हणाली हे मला त्या रात्री कळायचे होते.

रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधण्यात एक तास गेला. मग एक्स-रे. "हलू नकोस," टेक्निशियन म्हणाला. चिरंजीव हलले. पुन्हा फिल्म. पुन्हा हलले. "साहेब, क्षणभर स्वस्थ बसवत नाही का तुमच्या मुलाला?" असे म्हणून त्याने माझ्या संस्कारांवर बोट ठेवले.

क्षणभर! व्युर्त्सबुर्गच्या राँटजेनला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले आणि तीन महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी १८९६ ला, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात एडी मॅकार्थी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा यंत्रासमोर हात ठेवून बसला होता. गोठलेल्या नदीवर स्केटिंग करताना तो पडला होता. गिलमन फ्रॉस्ट हे डॉक्टर आणि त्यांचा भाऊ एडविन हा प्राध्यापक. एकाकडे रोगी, दुसऱ्याकडे यंत्र, असा घरगुती मामला. त्या पोराला हात न हलवता वीस मिनिटे बसावे लागले. अमेरिकेत दुखणाइताचा काढलेला हा अगदी पहिल्या एक्स-रेंपैकी एक, आणि तो निघाला एका पोराच्या मोडक्या हाताचा. याचे मला नवल वाटत नाही. विज्ञानाला घाईघाईने कामाला लावायचे असेल तर पोराच्या हाडाइतके समर्थ दुसरे काही नाही.

आमच्या फिल्ममध्ये दोन्ही हाडे वाकलेली दिसत होती. तुकडे मात्र पडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. सुकी काटकी कडकन मोडते. ओली एका बाजूने चिरते आणि वाकते." मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत. कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित अशी त्यांची एकाहून एक भरदार नावे, आणि त्यांतच एक साधासुधा 'वक्र' आहे. म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या हाताची नोंद सुश्रुतसंहितेत आधीच होऊन राहिली होती.

भूल देऊन हात सरळ केला आणि प्लास्टर घातले. शुद्धीवर आल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, हात गरम लागतोय." मी घाबरलो. पण ते बरोबरच होते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्रच्या टेकडीत जिप्सम नावाचा दगड विपुल सापडे, म्हणून हे 'प्लास्टर ऑफ पॅरिस'. दगड सुमारे दीडशे अंशांवर भाजला की त्यातले पाऊण पाणी उडून जाते. उरलेल्या पिठात पुन्हा पाणी घातले की ते पाणी पोटात घेऊन त्याचा परत दगड होतो, आणि होताना आपली उष्णता बाहेर टाकतो.

त्याच्या आधी बेल्जममध्ये सेतँ नावाचे सर्जन पट्ट्यांना चक्क खळ लावीत. धोतराला घालतात तीच. ती वाळून कडक व्हायला दोन-तीन दिवस लागत. तोवर पेशंटने निश्चल राहायचे, म्हणजे हाडाआधी माणसालाच कडक व्हायचे. १८५१ साली आन्तोनियुस मातेयसन या डच लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत कोरडे प्लास्टर घोळून ठेवले. पट्टी ओली करायची, गुंडाळायची, काही मिनिटांत काम फत्ते. दोन-तीन वर्षांत क्रिमियाचे युद्ध पेटले. तिथे रशियाच्या पिरोगोवने हीच विद्या जखमी शिपायांवर वापरली, आणि एरवी सरळ कापून टाकले असते असे कितीतरी हातपाय धन्याजवळ राहिले.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर काहीतरी सांगत होते. हात उंच ठेवा, बोटांकडे लक्ष ठेवा, असे काही. मी मान डोलावत होतो. खरे सांगायचे तर माझे लक्ष बिलाकडे होते, आणि मनात एकच घोकत होतो, की चेंडूचा विषय घरी कसा निघणार नाही.

तो निघालाच. संध्याकाळी भेटायला माणसे येऊ लागली. हाड मोडलेल्याला भेटायला येणारा माणूस स्वतःचे हाड बरोबर घेऊन येतो. कोणाचे मनगट सत्तावन्न साली मोडले होते, कोणाची मेहुणी लग्नात बोहल्यावरून पडली होती. नाना इतिहासाचे वेडे. ते म्हणाले, "अरे, पाणिपतावरून पाय जायबंदी होऊन परत आले महादजी शिंदे. १७६१ साली. राणेखान भिस्त्यानं बैलावर घालून आणलं म्हणून जगले. जन्मभर लंगडले, पण दिल्लीची सूत्रं हातात घेतली! हातापायाचं काय एवढं?" सौभाग्यवतींना दिल्लीची सूत्रे नको होती. त्यांना सरळ हात हवा होता. आणि प्रत्येक पाहुण्याला चिरंजीव डोळे चमकवून सांगत होते, "बाबांनी टाकलेला कॅच होता. इतका उंच! पण सुटला नाही." पहिल्यांदा हे कानावर आले तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे बघितले. त्या नजरेचा एक्स-रे निघाला असता.

रात्री एकच्या सुमारास तो कण्हू लागला. "बाबा, घट्ट होतंय." मी झोपेत म्हणालो, "शूर ना तू? कपिल देव रडतो का?" तो गप्प झाला. थोड्या वेळाने पुन्हा, "बाबा, घट्ट होतंय." मी म्हणालो, "झोप. सकाळी बरं वाटेल."

दिवा लागला. आई उठून बसली होती. तिने प्लास्टरच्या टोकाशी बाहेर आलेली बोटे हातात घेतली, करंगळीचे नख दाबले आणि सोडले. "बघ," ती म्हणाली. "पांढरं झालं ते पांढरंच आहे. तांबडं परत येत नाही. बोटं गार आहेत." मग तिने एक बोट हलकेच सरळ केले, तसा तो किंचाळला.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता ने परत."

"अगं आई, पाऊस बघ किती..."

"अप्पामामाचा हात आठवतोय ना तुला?"

अप्पामामा, आईचा धाकटा भाऊ. त्याचा डावा हात जन्मभर सदऱ्याच्या खिशात असे. बोटे आत वळलेली, पक्ष्याच्या पंज्यासारखी. लहानपणापासून मी तो हात बघत आलो होतो आणि जन्मतःच तसा असेल असे धरून चाललो होतो. त्या रात्री दारात चपला घालता घालता आईने सांगितले. आठ वर्षांचा असताना तो फणसावरून पडला. गावातल्या माणसाने बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट आवळून बांधला. "तीन रात्री ओरडत होता. बाबा म्हणायचे, पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय? चौथ्या दिवशी रडायचा थांबला. आम्हाला वाटलं, उतार पडला. मी देवाला साखर ठेवली."

भर पावसात नानांनी कोणाची तरी रिक्षा मिळवली. त्या वेळी त्यांनी महादजींचे नाव काढले नाही. दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरने बोटे बघितली आणि एक शब्द न बोलता प्लास्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरले, आतला कापूससुद्धा कापला. आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळाने नखांत तांबडा रंग परत आला. इतका सुंदर रंग मी त्यानंतर बघितलेला नाही. "हात आतून सुजतो, प्लास्टर काही ताणत नाही," डॉक्टर म्हणाला. "सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. कोणी ओळखलं?" मी म्हणालो, "आईनं."

पुढे मी ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. त्या सहा आठवड्यांत पोराच्या बापाला करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. तिथे कळले, की फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ साली हेच लिहून ठेवले आहे. बांधणी आवळली की रक्त अडते, थोड्या तासांत स्नायू मरतात आणि मग बोटे आखडतात. अप्पामामाचा हात त्या लेखात होता. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुताने सांगून ठेवले आहे, की बांधणी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाली तर सूज, वेदना आणि पू होतो. म्हणून जाणत्याने मध्यम बांधावे. बांधायला वड, पिंपळ, उंबर यांच्या साली किंवा बांबू घ्यावा. लहान वयात हाड महिन्यात जुळते, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. खारट, आंबट, तिखट खाऊ नये. हे शेवटचे वाचून मी चकित झालो, कारण आईने लोणच्याची बरणी पहिल्याच दिवशी कपाटावर चढवली होती, आणि तिने सुश्रुत वाचलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथे वाचली ती डोक्यातून जात नाही. इजिप्तमध्ये नागा-एद-देर इथल्या थडग्यांत हाडांना लाकडी पट्ट्या बांधलेले सांगाडे मिळाले. इलियट स्मिथने १९०८ साली त्यांचे वर्णन केले. वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. त्यातली एक होती साधारण चौदा वर्षांची मुलगी, मांडीचे हाड मोडलेली. पट्ट्यांना कापड गुंडाळलेले. हाड जुळू लागल्याची काही खूण नाही. म्हणजे ती त्यानंतर लवकरच गेली. विद्वानांनी पट्ट्या कशा होत्या ते नीट लिहिले आहे. मी ते वाचताना वेगळेच बघत होतो. कापड गुंडाळले होते ते लाकूड टोचू नये म्हणून. कोणीतरी तिच्या उशाशी बसले असेल. कोणीतरी म्हणाले असेल, सकाळी बरं वाटेल.

इतकी पाने उलटल्यावर मला कळलेला इतिहास चार ओळींत मावतो. हाड आपले आपणच जुळते. मोडल्या जागी रक्त साकळते, त्यात नवे हाड धरते. डॉक्टर जोडत नाही, हाडवैद्य जोडत नाही, बाप तर नाहीच नाही. साडेचार हजार वर्षे माणसाने साल, बांबू, खळ, प्लास्टर जे काही शोधले ते एवढ्याचसाठी, की ते सरळ राहावे, स्वस्थ राहावे आणि कोणी आवळू नये. यातले 'सरळ' आणि 'स्वस्थ' डॉक्टरांवर सोडता येते. 'आवळू नये' हे ज्याच्या घरी पोर असते त्याने बघायचे असते.

चिरलेल्या प्लास्टरचे 'कच्चे' झाले होते, आठवड्याने 'पक्के' घातले. त्यावर बिल्डिंगमधल्या पोरांनी सह्या केल्या, त्यात कपिल देवच्या तीन होत्या, तिन्ही वेगवेगळ्या अक्षरांत. खाज सुटली की विणायची सुई आत घालू नये म्हणून घरातल्या सगळ्या सुया सौभाग्यवतींनी शेजारी नेऊन ठेवल्या. त्या वर्षी आमच्याकडे कोणालाच स्वेटर झाला नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायला करवत आली, तेव्हा मी डोळे मिटले. ती करवत म्हणे फिरत नाही, नुसती थरथरते. प्लास्टर कापते, कातडी नाही. अमेरिकेतल्या स्ट्रायकर नावाच्या डॉक्टरने १९४० च्या दशकात ती शोधली. चिरंजीवांनी डोळे सताड उघडे ठेवून सगळे बघितले आणि शेवटी विचारले, "बाबा, तुम्हाला दुखलं का?" आतून हात निघाला तो पडवळासारखा, पांढरा आणि बारीक. फिल्ममध्ये किंचित बाक राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका. वाढता वाढता स्वतःच सरळ होईल. मुलांचं हाड आठवण ठेवत नाही."

ते खरे निघाले. दोन वर्षांनी बाक शोधून सापडेना. बापाला मात्र तशी सोय नसते. अजून कोणी "घट्ट होतंय" म्हणाले की मी जागा होतो.

त्या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली. आई गेली, अप्पामामाही गेला. परवा चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. त्यांची कन्या सायकलवरून पडली, मनगट. आता प्लास्टर फायबरचे असते, रंगीत मिळते. तिने गुलाबी घेतले आहे. सांगता सांगता तो म्हणाला, "बाबा, हॅण्डल सोडून चालवायला मीच शिकवत होतो. हिला सांगितलंय, घसरली म्हणून."

मी इतिहासाबद्दल काही बोललो नाही. पॉट नाही, पिरोगोव नाही. एवढेच विचारले, "नखं बघतोयस ना रे?"

"दर तासाला," तो म्हणाला. "आजी सांगून गेलीय."